चेंडू सोडून बघणारे मामा

आमच्या हिच्या थोरल्या मामांनी 'खेळले' म्हटल्याशिवाय जगातला कुठलाही संघ खऱ्या अर्थानं फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकत नाही, अशी आमच्या पेठेची समजूत आहे. तिकडे करंडक उचलतात, चकचकीत कागदाचे तुकडे उडवतात, मोठमोठी माणसं येऊन खेळाडूंना मिठ्या मारतात, ते सगळं ठीक. पण निकाल लागतो तो कोल्हापुरात, मामांच्या घराच्या पुढच्या सोप्यात. सामना संपला की मामा अडकित्ता काढतात, सुपारी अगदी बारीक कातरतात आणि सतरंजीवर बसलेली पेठ श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. मामांकडे शब्द दोनच. 'पळाले' किंवा 'खेळले'. बहुतेक जगज्जेते नुसते पळालेले असतात. एकदा एका विजेत्या संघाबद्दल ते म्हणाले, "पळाले. पर झ्याक पळाले," तर एवढ्यावरच तालमीच्या पोरांनी कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लावली होती.

मामा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. पण ती गोष्ट त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. विचारलं तर सांगत, "स्टॉपर होतो." तालमीच्या फुटबॉल संघात गोलच्या पुढ्यात पाय रोवून उभं राहण्यात त्यांचं तारुण्य गेलं. आयुष्यात त्यांच्या नावावर एकच गोल आहे आणि तोही आपल्याच पोस्टात. तो कसा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता हे ते अजून हातवारे करून दाखवतात. मी मामांच्या घरी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "पोजिशन कुठली?" मी जरा ताठ होऊन म्हणालो, "बँकेत ऑफिसर." "त्ये न्हवं ओ पावणं. मैदानात!" मी क्रिकेट खेळायचो, तेही सीमारेषेजवळ, असं कबूल केल्यावर त्यांनी भाचीकडे अशा काही करुणेनं पाहिलं की लग्न मोडतंय असं मला वाटलं. मग म्हणाले, "असूंदे. उन्हात उभं ऱ्हायची सवय हाय न्हवं."

लग्नानंतर माझं फुटबॉलचं शिक्षण त्यांनी स्वतःकडे घेतलं. पहिला आणि शेवटचा धडा एकच होता. "चेंडूकडं बघू नका. चेंडूकडं कुणीबी बघतंय. ज्याच्याकडं चेंडू न्हाय त्याच्याकडं बघा. त्यो काय करतोय त्यावर खेळ ठरतोय." हा नियम ते जगात सगळीकडे लावत. शिरोळकडच्या एका लग्नात पंगतीला बसलो असताना त्यांनी मला कोपरखळी मारली. म्हणाले, "बादलीवाल्याकडं बघू नका. त्यो वाढपी तिथं कोपऱ्यात मोकळा उभा हाय, त्याला बघा. आपल्या वळीला तांबडा रस्सा मिळत न्हाय बघा आता." आणि खरोखर रस्सा आमच्या अलीकडे दोन पानांवर संपला. मामांना उपाशी राहिल्याचं दुःख नव्हतं. निदान बरोबर आल्याच्या आनंदात त्यांनी कोरडा भात मिटक्या मारत खाल्ला. घरातही तसंच. मामी स्वयंपाकघरात कितीही खपली तरी मामांचं लक्ष मोकळ्या बसलेल्या सुनेकडे. मामी वैतागून म्हणायची, "आणि तुमी सोप्यात मोकळं बसलाय, त्ये कोण बघायचं?"

वर्ल्डकपच्या दिवसांत टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असे, कारण बोलणारा माणूस चेंडूच्या मागे लागलेला असतो. कोणी खेळाडू धक्का लागताच गवतावर लोळू लागला की मामा शांतपणे म्हणत, "गादी मऊ लागली वाटतं. हितं आणा एकदा. मार्चचं ऊन, खाली मुरूम, आणि अंगावर येणारा गडी फौंड्रीतनं पाळी संपवून आल्याला. लोळून दाखवा म्हणावं." मैदान हिरवंगार झालं आणि फुटबॉल बिघडला, असं त्यांचं एक आवडतं मत आहे. ते त्यांनी मोठ्या मनानं दर चार वर्षांनी एकदाच मांडलं असतं तर बरं झालं असतं, पण ते रोज मांडत.

मामांना जगात एकच माणूस फुटबॉलच्या बाबतीत संपूर्ण अडाणी वाटे आणि तो म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना दोस्त. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घराणं कुरुंदवाडचं, जैन, कोल्हापुरात गुळाचा व्यापार. शाळेपासून दोघं एका बाकावर, पण मैदानात समोरासमोर. अण्णा दुसऱ्या पेठेचे फॉरवर्ड. दोघं रोज सकाळी कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यायला एकत्र जात, दवाखान्याला, लग्नाला, मयताला एकत्र जात, पण फुटबॉलचा सामना कधीही एकत्र बघत नसत. "त्यो चेंडू बघतोय," मामा म्हणत, "आणि चेंडू हाफ लाइनीवर असताना गोल म्हणून वरडतोय." अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "गोल बघायला न्हाई तर काय गवत बघायला जायाचं व्हय?"

मागचा वर्ल्डकप थंडीत झाला. सामने संध्याकाळचे, त्यामुळे सोपा नेहमीपेक्षा भरलेला. पेठेत दोन-तीन देशांचे झेंडे लागलेले, चौकात खेळाडूंचे माणसापेक्षा मोठे कटआउट. पहिल्याच आठवड्यात एका सामन्यात मामा समाधानानं मान डोलावत म्हणाले, "त्यो उजव्या अंगाचा गडी बघा. चेंडू न्हाय, पर जागा कशी धरलीय." तो उजव्या अंगाचा गडी लाल कार्ड घेऊन केव्हाच बाहेर गेला होता. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, मामा आता त्याला उभा-आडवा घेतील. पण ते सुपारी कातरता कातरता थांबले एवढंच.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बघू लागलो. दाराशी बाजूला लावलेल्या मोटारसायकलीला ते धडकत. मामीनं डावीकडून पुढे केलेला चहा त्यांना दिसत नसे. मी फार मागे लागलो तेव्हा ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे आले, तेही "भाचीच्या समाधानासाठी" म्हणून. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, "काचबिंदू आहे. बरेच दिवस असणार. कडेचं दिसणं गेलंय, मधलं शाबूत आहे. नळकांड्यातून बघितल्यासारखं. गेलं ते परत येणार नाही, पण औषधाचे थेंब रोज घातले तर आहे ते टिकेल."

मामांनी जरा विचार केला. "म्हंजे टीव्हीवर मला काय दिसंल?"

"जिथं नजर लावाल तेवढंच. समजा चेंडूकडं बघितलं, तर चेंडू दिसेल."

"आणि बाकीचे गडी?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहायला घेतलं. रिक्षात बसल्यावर मामा बराच वेळ पुढच्या आरशाकडे बघत होते. मग म्हणाले, "पावणं, गंमत बघा. जलमभर चेंडू सोडून बघिटलं. आता तेवढा चेंडूच राहिला की."

दुसऱ्या दिवशी सोप्याचं दार बंद. टीव्हीवर मामीनं विणलेला रुमाल पांघरलेला. लोक आले, चपला काढायच्या आधीच परत गेले. मामा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि विचारलं की सांगत, "ह्या खेपंला दर्जाच न्हाय." सामना न बघता दर्जा ठरवायची ही त्यांची पहिलीच वेळ. मामीनं दोन दिवस हे सोसलं आणि तिसऱ्या दिवशी चप्पल घालून थेट अण्णांच्या अडत दुकानात गेली. मला हे नंतर अण्णांनीच सांगितलं. गुळाच्या ढेपांमध्ये उभी राहून ती एवढंच म्हणाली, "अण्णा, घरात त्यास्नी कुणी शिव्या द्यायला ऱ्हायलं न्हाय. तुमी या."

त्या संध्याकाळी अण्णा आले. सूर्यास्ताआधी जेवून आलेले, त्यामुळे मामीच्या कांदाभज्यांचा प्रश्न नव्हता. मीही होतो.

"कशाला आलाईस?" मामांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"आमचा टीव्ही बिघडलाय," अण्णा म्हणाले. अण्णांच्या घरी भिंतीएवढा टीव्ही, तो दिवाळीतच घेतलेला. त्यांनी रुमाल काढला, सामना लावला आणि मामांच्या शेजारी कॉटवर बसले. मग मामा हळूहळू उठून बसले.

"डावा बॅक कुठं हाय?"

"चेंडू तिकडं न्हाई."

"आरं त्येच की! चेंडू तिकडं न्हाय म्हणूनच इचारतोय. चेंडू मला दिसतोय. तू बाकीचं सांग."

अण्णांनी कपाळावर आठ्या घालून टीव्हीकडे पाहिलं. सगळं आयुष्य गोलाकडे नजर लावून काढलेला माणूस. त्याला डावा बॅक शोधायला फार कष्ट पडत होते. "हाय... मधी सरकलाय. कंबरंवर हात ठिऊन उभा हाय."

"दमलाय. आता त्याच्या मागनं पळवत्यात बघ. पल्याडचा काय करतोय?"

"थांब की जरा! एका टायमाला किती जणांस्नी बघू?"

"सगळ्यांस्नी."

असं सुरू झालं. दुसऱ्या हाफपर्यंत अण्णा कॉटच्या कडेवर येऊन बसले होते. "स्टॉपर पुढं आला... न्हाई, परत मागं गेला... आरं, दुसऱ्याला हातानं खुणवतोय, तू जा म्हणून..." एवढ्यात बाहेरच्या चौकात प्रचंड आरडाओरडा झाला, कोणीतरी शिट्ट्या मारल्या. अण्णा दचकून म्हणाले, "काय झालं? काय झालं?"

गोल झाला होता. मामांनी पाहिला होता. अण्णांचा मात्र चुकला, कारण ते स्टॉपरकडे बघत होते. मामा क्षणभर त्यांच्याकडे वळून बघत राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "गोल चुकला!" मामा मांडीवर थाप मारत म्हणाले. "ह्येचा! गोल चुकला! वैनीला सांग रं काय झालं त्ये!"

अंतिम सामन्याला सोपा पुन्हा भरला. लोक दारात, पायरीवर, समोरच्या कठड्यावर. दोघं पुढे, खांद्याला खांदा लावून. ह्या खेपेला टीव्हीचा नव्हे, अण्णांचा आवाज होता. घसा बसेपर्यंत ते सांगत होते आणि मामा मधूनच "मागं बघ, मागं" म्हणून त्यांना कोपर मारत होते. सामना संपला. सुपारी कातरून झाली. पेठ निकालाची वाट बघू लागली.

मामा म्हणाले, "म्या मधलं तेवढं बघिटलं. बाकीचं सगळं अण्णानं बघिटलंय. त्याला इचारा."

बाजारात गुळाचा भाव मोठ्यानं पुकारणारे अण्णा घसा खाकरत राहिले. त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा बंद केलेल्या पडद्याकडे. "दोन्ही खेळले," ते अखेर म्हणाले. "पर हरल्यालं जरा जास्त."

मामांनी कातरलेली सुपारी आधी अण्णांच्या हातावर ठेवली.

पुढे कोल्हापूरचा फुटबॉलचा हंगाम सुरू झाला. मैदानावर यायला मामा तयार नव्हते. गर्दीत कडेनं कोण येतंय कळत नाही म्हणत. अण्णांनी ऐकलं नाही. अजूनही दोघं जातात, रिक्षानं, आणि मी जमेल तेव्हा मागच्या पायरीवर बसतो. डॉक्टर म्हणतात, थेंबांनी धरून ठेवलंय. पण मामांचं ते गोल नळकांडं जरा अरुंद होत चाललंय, हे आम्हा तिघांना ठाऊक आहे.

मागच्या रविवारी सामना संपला, लोक आरडत-ओरडत बाहेर पडले. गर्दी ओसरू दे म्हणून आम्ही तिथंच बसून राहिलो. ऊन उतरलं होतं. स्टँड रिकामे झाले, भेळवाला पाटी उचलून गेला. निघूया म्हणून मी उठणार, एवढ्यात मामांनी विचारलं, "आता कोण हाय मैदानात?"

"कोण न्हाई," अण्णा म्हणाले. "पाणी मारणारा आलाय, पाइप घिऊन."

"कुठवर आलाय?"

"पल्याडच्या पोस्टापतूर."

"चपला हाईत पायात?"

अण्णांनी डोळे बारीक केले. "न्हाईत. काढून लाइनीच्या भाईर ठेवल्यात."

"बरोबर," मामा म्हणाले आणि पायरीला टेकून आरामात बसले. "सांग की मग."

आणि अण्णा सांगत राहिले.