डावीकडची जागा

"पोरंहो, डावीकडं जागा सोडा!"

लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीतून संध्याकाळी गेला असाल, तर ही हाक तुम्हीही ऐकली असेल. वर्ग सुटला की गळ्यात शिट्टी अडकवलेले एक म्हातारे सर जिन्याच्या तोंडाशी उभे राहत. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं उजव्या कठड्याला चिकटून उतरत.

"वरती कोन येनार हाय, सर?" एकानं एकदा विचारलं.

"कुनी न्हाई. तरी सोड."

सर पूर्वी भूकंपात पडलेल्या एका गावच्या शाळेत खेळ शिकवत. शाळेचा फुटबॉल संघ त्यांनीच उभा केलेला. डाव्या बाजूला खेळणारे दोघे सख्खे भाऊ होते. दोघेही ढिगाऱ्याखाली गेले. पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमधून संघ नांदेडला खेळायला निघाला, तेव्हा सरांनी त्या भावांच्या आईला शब्द दिला, की त्यांच्या जागी कुणी खेळणार नाही. नऊ जण उतरले. डावी बाजू मोकळी होती. संघानं सहा गोल खाल्ले, सगळे तिकडूनच.

मी पेपरचा वार्ताहर, सामना संपल्यावर पोचलो. संघ म्हणजे अकरा, असं धरून बातमी दिली: 'अकरा जण जिद्दीने लढले.' सरांनी तेव्हा मला काही म्हटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी त्या बातमीवरून सिनेमा निघाला. आम्ही दोघं मिळून पाहायला गेलो. सिनेमा सपक होता. भूकंपाचा आवाज मोठा, गाणी तीन, रडणं ठरल्या वेळी. शेवटी डावीकडून दोन नवी मुलं धावत आली, एकानं गोल मारला आणि संघ जिंकला. मग पडद्यावर माझं कात्रण आलं. टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "हारलेले जिंकवले, चालतंय. पन डावी बाजू भरली की वो त्यांनी."

आठवड्याभरात ते माझ्या कचेरीत आले. त्या आईला पुतण्यानं सिनेमा दाखवला होता, कात्रणही वाचून दाखवलं होतं.

"माझ्या लेकरायच्या जागी कोन खेळलं, म्हनली. कुनीच न्हाई म्हनलं, तर म्हनली, पेपरात अकरा हाय." सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. "नऊ असं छापा एकदा."

"इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती कोण वाचणार, सर?"

"तिला वाचता येत न्हाई. मी वाचून दावीन."

बघतो म्हणालो. निवडणूक होती, पानात जागा नव्हती. दोन महिने असेच गेले. मग सर गेले.

दुरुस्ती त्यानंतर आतल्या पानावर आली. तीन ओळी. ती घेऊन मी त्या गावी गेलो. म्हातारी दारात शेंगा फोडत होती. मी वाचून दाखवलं. तिचा हात थांबला.

"किती म्हनलाव?"

"नऊ."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"सर असताना आनायचं हुतं," ती म्हणाली. "तेवढे दोन महिने मी त्यायला दारात उभं केलं न्हाई."