भागूबायने वळलेला गोळा

भागूबाय गेल्याची बातमी मला छापखान्यात कळली. हातात ओलं प्रूफ होतं, यंत्राचा खडखडाट चालू होता, आणि दाराशी तिची सून उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिथूनच म्हणाली, "सासू गेली. मंगळवारी. चार दिस ताप व्हता." मी काही बोलायच्या आत तिने पदराखालचं पुडकं पुढे केलं. "हा तुमच्या भाचीचा. वैशाखात वळून ठेवलान. सांगून गेली, इंदूचा गोळा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाय." जुन्या धोतराच्या फडक्यात कोकमतेलाचा पांढरट गोळा होता, लिंबाहून थोडा मोठा. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून जे तेल वर येतं ते थिजायला लागलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, त्यामुळे वळणाऱ्याची बोटं त्यावर उमटतात. या गोळ्यावरही चार खळगे होते... सून गेली तरी मी तो हातात धरून उभाच होतो आणि प्रुफातली एकही चूक मला दिसत नव्हती.

त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत गावातल्या एकाही पत्राने तिच्याबद्दल एक ओळ छापली नाही. वकिलाच्या घोड्याला पडसं झालं तरी ज्या गावात चार ओळी येतात त्या गावची ही गोष्ट! हा अंक ज्यांच्या हातात आहे त्यांतले कितीतरी जण जन्मल्यावर पहिल्यांदा रडले ते भागूबायच्या हातात. पण ती सुईण. सुईणीचं काय छापायचं? म्हणून मी लिहितो आहे. मला मृत्युलेखाची भाषा येत नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस; आणि तिची-माझी ओळख झाली तीही माझ्या एका पत्रकापायीच. ते पत्रक चूक होतं, हे आधीच सांगून टाकतो.

पाच वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमाराला माझी थोरली बहीण दाभोळहून आगबोटीने आली. बरोबर दोन वर्षांची इंदू. सोबतीला सासरचा गडी होता, तो ट्रंक उतरवून त्याच बोटीने परत गेला. इंदूच्या गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब उठला होता. लाल, खरखरीत, जागोजाग ओरबाडलेला. सकाळी अंथरुणावर रक्ताचे ठिपके दिसायचे. ताईच्या सासऱ्यांचा, तात्यांचा निरोप होता, "मूल बरं झालं की कळवा, न्यायला येऊ. तोवर माहेरीच असू द्या." कारण काय, तर ताई पोटुशी असताना घराचा दगडी गडगा दुरुस्त करताना नाग मारला गेला होता आणि त्याचा कोप पोरीच्या अंगावर फुटला होता. मेहुणे मुंबईला नोकरीत. वडिलांपुढे बोलण्याची त्यांची छाती नव्हती. पोर बरी झाली नाही तर काय, हे कोणी बोलत नव्हतं, पण ताई ट्रंकेतले कपडे बाहेर काढून खुंटीला लावत नव्हती, त्यावरून मला सगळं कळत होतं.

नागाचं ऐकून मी तडकलो. पोरांना डाग देणारे, अंगारे लावणारे, नागाला नवस बोलणारे यांच्यावर मी तेव्हा बंदरावर आणि मासळीबाजारात उभा राहून पत्रकं वाटत असे. त्यांतलं एक होतं, ‘कातडीचे रोग म्हणजे घाणीचे रोग’. कढत पाणी, कार्बोलिक साबण, दिवसातून दोनदा खसखसून आंघोळ आणि रोग्याला वेगळं अंथरूण, हे त्याचं सार. कोणा डॉक्टरला विचारलं होतं? कोणालाच नाही. जोरदार वाटलं, छापलं. आता घरातच पुरावा मिळेल म्हणून मला एक प्रकारचा आनंदच झाला, हे लिहायला लाज वाटते, पण झाला खरा. नारळाच्या सोडणाने मी ताईला त्या पोरीला घासायला लावलं. घड्याळ हातात घेऊन उभा राहायचो. तिसऱ्या दिवसापासून घंगाळ दिसलं की इंदू किंचाळायला लागली. "दत्तू, अरे तिचं अंग बघ तरी, वाळल्या केळीच्या पानागत चिरा पडल्यात," ताई म्हणायची. मी म्हणायचो, "साबण झोंबतो म्हणजेच लागू पडतो. पंधरा दिवस दम धर."

दहाव्या दिवशी भागूबाय आली. शेजारी बाळंतीण होती, तिच्या बाळाला न्हाऊ घालायला ती येत असे. इंदूची किंकाळी ऐकून ती पलीकडून गडगा ओलांडून सरळ आमच्या न्हाणीत शिरली. साठीची, काळीसावळी, हातांचे तळवे मात्र लहान मुलासारखे मऊ. सोडण तिने माझ्या देखत भाताच्या पेंढ्यावर फेकून दिलं.

"पोरीला न्हाऊ घालताव का बांगडो खवलताव?"

मी म्हटलं, "बाई, हे शास्त्र आहे. छापलेलं आहे."

"कोणी लिवलान?"

"मीच."

"वाच बघू."

तिला अक्षर येत नव्हतं. मी तिथेच, ओल्या न्हाणीत, पत्रक वाचून दाखवलं, सभेत वाचतो तसं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवाज ब्येस हाय तुझा. पण मेल्या, ह्यात पोर खंय हाय? नुसता साबणच हाय." तिने ओल्या इंदूला उचललं आणि आपला गाल तिच्या चिरलेल्या गालाला लावला. "बघ. मना लागतंय का? तीस वर्सां असल्या पोरांना हातांवर घेतंय. खरजेत किडा आसतो, ती घरभर फिरते, तिचा औषध निराळा. हा इसब. हा हिच्या कातडीचाच हाय, दुसऱ्याला जात नाय. तू दोघांना एकाच दांड्यान बडवतोस."

मी वाद घातला. अर्थात घातला. पण इंदू तिच्या खांद्यावर रडायची थांबली होती, आणि त्यापुढे कुठलंही पत्रक टिकत नाही.

त्या दिवसापासून न्हाणीचा कारभार तिच्याकडे गेला. पाणी कोमट, आपल्या कोपराला लावून गरम-गार कळू नये इतपत. साबण नाही, डाळीचं पीठ नाही, घासणं तर नाहीच. चार तांबे, की बाहेर. अंग टिपायचं, पुसायचं नाही. आणि ओल आहे तोवर कोकमतेल तळव्यावर चोळून, विरघळवून, सगळ्या अंगाला लावायचं. "वाळल्यावर लावलास तर तेल वर ऱ्हाता. पानी आत कोंडायचा आसता," हे ती ताईला रोज सांगे, जणू काल सांगितलंच नव्हतं. नखं दर दोन दिवसांनी. घोंगडीला आणि लोकरीला बंदी. मी हौसेने भाचीसाठी खादीची दोन झबली शिवून आणली होती. तिने ती बोटांत चुरगाळून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली. "ही तू घाल. देश तुझा, कातडी तिची. सगळ्यांत जुना धोतर हाय काय घरात?" माझ्या वडिलांचं विटलेलं धोतर तिने टर्रकन फाडलं आणि बाह्यांची तोंडं शिवून बंद केलेली झबली केली, म्हणजे झोपेत खाजवलं तरी नखं पोचू नयेत. त्या बंद बाह्या हलवत इंदू घरभर फिरायची. आम्ही तिला पेंग्विन म्हणायचो, कारण माझ्याकडे चित्रांचं एक इंग्रजी मासिक होतं. भागूबाय तिला टिटवी म्हणायची, आणि तेच नाव टिकलं.

वैशाखात तिने परसात चूल मांडून ताईला कोकमतेल काढायला शिकवलं. पुढे आषाढात एकदा इंदूच्या कोपरातून पिवळं पाणी यायला लागलं, अंगात कणकण आली. मला वाटलं, आता ही काहीतरी झाडपाला काढणार. तिने हात लावला आणि म्हणाली, "हा माज्या हातातला नाय. दवाखान्यात ने. आत्ता." भर पावसात ती स्वतः छत्री धरून बरोबर आली. आपल्याला काय येत नाही हे इतकं पटकन सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. सभांमधून तर मुळीच नाही.

पावसाळ्यात आगबोटी बंद. त्या दिवसांत इसब हळूहळू बसला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि आश्विनात तात्यांचं पत्र आलं, की मुलीला बघायला येतो. इंदूचं अंग तेव्हा खरंच निर्मळ होतं. कोपरात जरा काळसर डाग, बस. माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला. ताईने ट्रंक भरायला घेतली. ठरलं असं, की मी सांगायचं, पोर पूर्ण बरी झाली. भागूबायने फक्त मान डोलवायची.

तात्या आले. स्वतःचा शिडाचा मचवा असलेला, कमी बोलणारा माणूस. इंदूचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मी म्हटलं, "बघा, पूर्ण बरी."

पडवीच्या पायरीवरून भागूबाय म्हणाली, "नाय."

ताईने हातातली कपबशी खाली ठेवली.

"आत्ता बसलाय. थंडी पडली, वारा कोरडा झाला, का परत उठंल. मग परत बसवायचा. मोठी व्हताना पुष्कळांचा कमी होतो. काहींचा नाय होत. हिचा काय व्हईल ता मना म्हाईत नाय."

तात्या म्हणाले, "मग बरी झाली नाही म्हणायची."

"तात्यानू, मचव्याला दर वर्साला तेल पाजताव ना? का एकदा पाजलाव नि सपला? लाकूड वाळला म्हणून मचवा जाळताव काय?"

तात्यांनी इंदूचे हात सोडले. मग हळूच, "आणि नागाचं?"

"नाग कोणी मारलान? गड्यान. कोप झाला तर गड्याला व्हईल. पोरीन काय केलान? गडी कसा हाय तुमचा?"

"ठणठणीत आहे," तात्या म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ते ताईला आणि इंदूला घेऊन गेले. ट्रंकेत बंद बाह्यांची चार झबली आणि कोकमतेलाचे दोन गोळे होते.

बोट सुटल्यावर मी धक्क्यावरच भागूबायला बोललो. तात्या हसले म्हणून निभावलं, नाहीतर बहिणीचा संसार तू बुडवला असतास, असं काहीबाही. ती म्हणाली, "तू बरी म्हणून धाडलीस नि थंडीत उठला, तर ती परत येईल. त्या टायमाला न्यायला कोण यायचा नाय." आणि मासळी घ्यायला निघून गेली.

मार्गशीर्षात तात्यांचं मोडीतलं कार्ड आलं. अक्षरशः तीन ओळी. ‘भागूबाईंनी सांगितल्याप्रमाणे चि. इंदूचे अंग उठले आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे करीत आहोत. एक गोळा संपला, आणखी दोन पाठवावे.’ मी ते कार्ड तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

मग मी म्हटलं, तुझं सगळं छापतो. तिने एकच अट घातली: "आधी लिव, का मी चुकलो. त्याबिगर लोकांनी सोडण टाकायचा कसा?" छापखान्याचे मालक म्हणाले, "दत्तोपंत, स्वतःच्याच पत्रकाविरुद्ध पत्रक काढणारे तुम्ही पहिले." पण काढलं. पहिली ओळ, ‘याच लेखकाचे मागील पत्रक फाडून टाकावे.’ माझ्या सगळ्या पत्रकांत तेवढंच एक असं आहे, की लोक अजून घरी येऊन मागतात. आया मागतात. त्याखाली तिचं नाव आहे, आणि नावापुढे ‘सुईण’ हा शब्द मी छापाच्या ठळक खिळ्यांत बसवला आहे.

गेल्या आठवड्यात ताई इंदूला घेऊन आली. इंदू आता सात वर्षांची, मानेवर आणि मनगटांवर थंडीने जरा उठलं आहे, आणि तिला त्याची मुळीच लाज वाटत नाही, बोटीवर कोणीतरी लांब सरकलं तर म्हणे तिने त्यालाच सांगितलं, "लागत नाही हो, सरका इकडे, जागा द्या." भागूबायचा गोळा मी कपाटात, माझ्या कागदांच्या वर ठेवला होता. तो तसाच ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. चार बोटं उमटलेला, तिच्या हातचा शेवटचा.

इंदू न्हाऊन पंचा गुंडाळून आली आणि तिने तो कपाटातून काढला. मी म्हटलं, "अगं, तो नको. आईने आणलेला दुसरा आहे ना?" तिने फडक्याकडे पाहिलं. "पण हा माझा आहे ना, मामा? भागूआजीने माझा म्हणून वळलाय." तिने माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "मानेला हात नीट पोचत नाही. लवकर लाव, वाळेल."

मी पहिल्या बोटाच्या खळग्यातून नखाने थोडं तेल खरवडलं, तळव्यावर चोळलं, विरघळू दिलं आणि तिच्या ओल्या मानेला लावलं. तिने अंग चोरलं नाही. आता रोज संध्याकाळी लावतो. चारांतले दोन खळगे उरले आहेत.