‘ळठ’पासून माघारी

आमच्या सरांइतका घाईचा माणूस गंगाखेड तालुक्यात झाला नाही आणि, मी छातीठोकपणे सांगतो, पुढंही होणार नाही. बसस्टँडमागं त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. कीबोर्डला मी पहिला हात लावला तो तिथंच. जे पुढं जाऊन फसणार असं दिसे, ते सर सुरुवातीलाच सोडून देत. कुणी ‘तसं नाही, पण...’ असं बोलायला लागलं की म्हणत, “यातून कामाचं वाक्य निघत न्हाई. दुसरं सुरू करा.” पुतण्यासाठी मुलगी बघायला सेलूला गेले, तर मुलीच्या वडिलांनी आल्या आल्या स्वतःचंच कौतुक लावलं, चहा यायच्या आत सर चपला घालून दारात! एकदा सोनपेठहून येताना एसटीचा ड्रायव्हर चहाला उतरलेला दिसला. “ही काय आता सुटत न्हाई,” म्हणून सर खाली उतरले, आणि एसटी सुटली. त्या दिवशी ते उसाच्या ट्रॅक्टरवर बसून घरी आले. सरांच्या बायकोनं, शकुंतलाकाकूंनी, ती गोष्ट अख्ख्या गल्लीला रंगवून सांगितली.

पण याच घाईनं मला पोटापाण्याला लावलं. पुण्यातली नोकरी सुटून मी गावी बसून होतो. एका कंपनीनं परीक्षा म्हणून प्रोग्राम लिहायला दिला. चौकटीच्या घराघरांत अक्षरं. शेजारच्या घरात सरकत सरकत त्यांतले सगळे शब्द शोधायचे. माझा प्रोग्राम प्रत्येक घरात स्वतःलाच पुन्हा बोलवायचा, जुळलेली अक्षरं शब्दकोशात हुडकायचा आणि सापडो न सापडो, पुढं चालत राहायचा. छोटी चौकट सुटायची. मोठीवर लॅपटॉपचा पंखा नुसता घरघरायचा. संध्याकाळी तो पाठवायचा होता. दुपारी मी रडकुंडीला येऊन सरांकडं गेलो.

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “‘ळठ’नं सुरू होणारा एक शब्द सांग.”

“नाही सर.”

“मग तिथून पुढं कशाला जायलास? फिर की माघारी!”

मग त्यांनी शेजारी बसून शब्दकोशाचं झाड करायला लावलं: पहिल्या अक्षराची फांदी, तिला दुसऱ्याची, तिला तिसऱ्याची. चौकटीत एक पाऊल टाकायचं की झाडावर एक फांदी चढायची. फांदी नसली की वाट तिथंच सोडायची. मी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत शब्दांची रांग लागली. “लय झ्याक!” म्हणून सरांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्माच खाली पडला. नोकरी लागली. आज परभणीत घरी बसून काम करतो, दोन्ही वेळा आईच्या हातचं जेवतो. हे सुख सरांनी दिलेलं आहे.

क्लास आता बंद झालाय. काकूही गेल्या. सर लेकीकडं सेलूला असतात. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर म्हणाले, “तुझा तो प्रोग्राम दाखव.” चौकट त्यांनी स्वतःच भरली, एकेक अक्षर शोधत, सावकाश. क्षणात शब्द आले. सर बघत राहिले.

“एक राहिला,” ते हळूच म्हणाले.

मी चौकट पुन्हा पाहिली. श, कुं, त, ला.

“सर, शब्दकोशात नावं नसतात.”

“हां. बरोबर हाय.”

मी ते नाव झाडाला जोडलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.