सावळेराम वायरमनची लाल पेटी

येडगावच्या सावळेराम वायरमनला माणसं त्याच्या पेटीवरून ओळखत. पत्र्याची, लाल, वर मूठ असलेली. बांधकामावर मीटरपासून एक जाड केबल तिच्यात आणायची आणि मोटर, कटर, दिवे सगळं तिच्यावर चालवायचं. काम संपलं की पेटी स्कूटरला बांधून पुढच्या कामावर.

त्याआधी आमच्याकडे उघड्या वायरी प्लगात काड्या खोचून बसवत. सत्त्याण्णव साली अशाच वायरीनं त्याच्या धाकट्या भावाला, कुशाबाला, फेकून दिलं. कुशाबा वाचला, पण हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. मग सावळेरामनं पुण्याहून ईएलसीबीचा खटका आणून ही पेटी बनवली. वीज कुठं गळाली की खटका पडून सगळं बंद.

दोन हजार एकला पिंपरी पेंढारला मंगल कार्यालयाचं काम चाललं होतं. फरशीला पॉलिश सुरू होतं. पॉलिशवाला मशीन फिरवायचा आणि आहुपे गावाकडच्या बाया अनवाणी पायांनी गढूळ पाणी ओढायच्या. त्यांतली बयाबाई पेटीला लई भ्यायची. सावळेरामनं तिलाच टेस्टचं बटण दाखवलं.

"दाबलं की खटका पडला पायजे. नाय पडला तर काम बंद, कुणी कायबी म्हणू दे."

तेव्हापासून रोज सकाळी हात पदराला कोरडे करून बटण तीच दाबी.

एके दिवशी सावळेराम नारायणगावला गेला असताना खटका सारखा पडायला लागला. मुकादम भगवंत वैतागला. त्यानं मशीनची वायर थेट मीटरला जोडली.

"चला बायांनो, आवरा!"

बयाबाई पाण्यातून निघून पायरीवर बसली. "भाऊ, पेटी नाय म्हंती तिथं आमी पाय घालणार न्हाई."

बाकीच्याही बसल्या. भगवंतनं आरडाओरडा केला, उद्यापासून येऊ नका म्हणाला. कुणी हललं नाही, आणि मशीन तसंच उभं राहिलं.

दुपारी सावळेराम आला. मशीनच्या दांड्याला त्यानं टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. आत वायर खरवडली होती.

"पॉलिशवाल्याच्या पायात रबरी बूट हायत. या बायांचं काय झालं असतं, राव?"

सावळेराम वायर बदलायला बसला. बयाबाईनं त्याला चहा आणून दिला. संध्याकाळी भगवंत स्वतःहून म्हणाला, "माझ्या दुसऱ्या कामालाबी एक पेटी बनव."

पुढं आहुप्याला शाळेच्या खोलीचं काम निघालं, तेव्हा सावळेराम एसटीच्या टपावर पेटी टाकून गेला. चार दिवस बयाबाईच्या घरी राहिला. येताना तिनं दिलेल्या तांदळाचं कौतुक त्यानं आम्हाला महिनाभर ऐकवलं.