मागच्या खोल्यांचं ऊन पाणी

महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं आणि चौक गावच्या हमरस्त्यावरचं गॅरेज ओस पडलं. लियाकतचं अर्धं आयुष्य तिथे गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करण्यात गेलं होतं. कुठल्या नळीत पाणी अडलंय, ते तो बोटांनी चाचपून सांगे. आता गाडीच येईना. बायको हवाबीने सुचवलं, माथेरानला हॉटेलं चालू आहेत, तिथे बघून या. त्या थंडीत हत्यारांची पिशवी खांद्याला मारून तो डोंगर चढला.

काम मिळालं गुलबाईंच्या हॉटेलात. या पारशी विधवाबाई स्वतः उभ्या राहून सगळं बघत. तिथला मोठा बंब दिवसभर धडधडे आणि त्याचं पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरून परत बंबात येई. पण पुढच्या खोल्यांत तोटी उघडली की हात पोळे, आणि मागच्या चाळीत धड कोमटही पाणी येईना. मागचे पाहुणे कुरकुरले की जाळ वाढवायचा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यात कोळसा मिळेनासा झाला, लाकूडही मोजून मिळू लागलं. शेवटी बाईंनी जड मनाने मागची चाळ बंद करायचं ठरवलं. तिथे राबणाऱ्या सोनाबाईला आणि तिच्या दोघी जावांना अर्ध्या हंगामातच पायथ्याच्या गावी परतावं लागणार होतं.

लियाकतला बोलावलं होतं ते बंबाची तुटकी जाळी बदलायला. ते झाल्यावर तो सहज नळावर हात फिरवत मागपर्यंत गेला. जवळची वाट मोकळी असल्याने पाणी पुढच्या खोल्यांतूनच माघारी वळत होतं. त्याने बाईंना तसं सांगून थोडी मुदत मागितली. बाईंनी ती दिली, वर मुलांच्या आंघोळीच्या पाण्यात बुडवायचा लाकडी चौकटीचा थर्मामीटरही काढून दिला.

लियाकतने पुढच्या नळांवरचे कॉक आवळून तिकडचा ओघ कमी केला. मागे पाणी कढत झालं. सोनाबाई हसते न हसते तोच माडीवरून निरोप आला, तिथे उतरलेल्या बाळंतिणीच्या न्हाणीत पाणी गारढोण झालंय. बंबाचं पाणी घागरींनी पोचवून वेळ निभावली. लियाकत पायरीवर बसून राहिला. आपण गाड्यांची माणसं, एवढ्या मोठ्या घराच्या भानगडीत पडायला नको होतं, असं त्याला वाटलं. त्याने हत्यारं गोळा करायला घेतली.

सोनाबाई जवळ येऊन उभी राहिली.

"लियाकतभाय, वरचा नळ गार हाय, पन आत गुडगुडतंय. पानी जात नाय, मंग गुडगुडतंय काय?"

लियाकत तसाच उठला. माडीवर नळ सगळ्यांत उंच जातो तिथली टोपी त्याने सैल केली. फुस्स करून कोंडलेली हवा निघाली, पाठोपाठ पाणी आलं. थोड्या वेळाने नळ हाताला ऊन लागला. त्याच्या जिवात जीव आला.

मग त्याने सगळं पहिल्यापासून धरलं, पण आता टोकाच्या खोलीकडून. एक कॉक जरासा फिरवायचा, थांबायचं, बाईंनी थर्मामीटर बुडवून आकडा सांगायचा, सोनाबाईने मागची खबर आणायची. एक जुळलं की दुसरं बिघडे, पण दर फेरीला फरक कमी होत गेला. अखेर सगळीकडे सारखं पाणी आलं. पडवीतल्या उघड्या नळांची ऊब धुकं खाऊन टाकी. तिथे सोनाबाईच्या जावांनी काथ्या आणि गोणपाट गुंडाळलं.

पुढच्या आठवड्यात बाई लाकडांच्या खोलीत डोकावल्या. एरवी एव्हाना संपत येणारा ढीग अजून छातीएवढा होता. त्यांनी सोनाबाईला हाक मारली.

"मागच्या खोल्या झाडून घे. त्या मागणाऱ्या पाहुण्यांना हो कळवते."

सोनाबाईने पदराने तोंड पुसलं आणि केरसुणी उचलली. लियाकतला बाईंनी कायमचं ठेवून घेतलं.

शुक्रवारी तो चौकला उतरला. हवाबीने पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "काम हाय ना आता?"

"हाय," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.