नळ नाही, पोरगा आहे

"थांबा, आता येते," असं म्हणून ते एक बोट वर करून बसायचे. आपणही शहाण्यासारखं थांबायचं. येत काहीच नसे. त्या जाडजूड स्पीकरमधून नुसती घूं घूं, मध्येच लांब कुठेतरी लोखंडी फाटक ओढल्यासारखा आवाज, की परत घूं घूं. ना तबला, ना पेटी, ना गाणारा.

हे आमचे बुलढाण्याचे शेजारी, भाऊ. कोर्टातून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी गल्लीतला सगळ्यांत हसरा माणूस. पुण्यात एकट्या राहणाऱ्या त्यांच्या मुलाने हा नुसत्या घुमणाऱ्या आवाजांचा अल्बम काढला होता. "डार्क अँबिएंट म्हणतात याले," हे ते नव्या सुनेची ओळख करून द्यावी तशा थाटात सांगत.

आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नाही. शेजारच्याची मोटार घूं घूं वाजली की समजायचं, पाणी आलं. भाऊंनी पहिल्यांदा स्पीकर अंगणात लावला, तेव्हा अख्ख्या गल्लीने धावपळ करून ड्रम मांडले, पाइप जोडले. नळ कोरडेठाक. भाऊ पोट धरधरून हसले आणि सगळ्यांना चहा पाजला. तेव्हापासून स्पीकर लावण्याआधी ते ओरडून सांगायचे, नळ नाही, माहा पोरगा आहे!

एकदा मी तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला. बाई गं, काय ते ओसाड! भर दुपारी, माणसांत बसून मला एकटं वाटायला लागलं. मी सरळ सांगितलं, भाऊ, जीव घाबरा होतो हो याने. ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

"मलेही होते. म्हणून तं रोज ऐकतो," ते म्हणाले. "पोरगा फोनवर म्हणते, मजेत आहो. अन् इथं असं वाजवते. खरं कोणतं धरू, ताई?"

मी आपली त्यांची समजूत घातली, की उदास वाजवणारा उदासच असतो असं थोडंच आहे. मुलानेही त्यांना तेच सांगितलं होतं, हे संगीतच असं असतं म्हणून. भाऊंना काही ते पटलं नाही. पुढच्याच आठवड्यात तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ आणि ठेचा पिशवीत भरून ते पुण्याच्या एसटीत बसले. चार दिवसांत येतो म्हणाले.

दिवाळी गेली, संक्रांत आली. मग एक दिवस भाऊंचा फोन आला. पोराने नोकरी कधीच सोडली होती. खोलीचे पडदे लावून पडून असायचा, जेवतही नव्हता, आणि बापाला मात्र मजेत आहे म्हणायचा. आता डॉक्टरांची औषधं सुरू होती. हे सगळं भाऊ इतक्या हळू आवाजात सांगत होते, की मला रडूच आलं. मी विचारलं, परत कधी येता?

"आता कायचं येणं, ताई. आज त्यानं सोताहून भाकर मागितली," ते म्हणाले. "ठेवतो. तवा तापून राह्यला."