थुंकून नव्वद मार्क

म्हसा गावाच्या रस्त्याला, आमच्या शेताला लागून एक बंगला आहे. तिथे एक माणूस यायचा. नाव त्याने सांगितलं नाय, मी विचारलं नाय. स्कॉच चाखून मार्क देणं हा त्याचा धंदा. तीपण कशी, तर गाळणारा एक आणि त्याची पिंपं विकत घेऊन बाटल्या भरणारा दुसराच. हा गिलासात नाक घालायचा, डोळे मिटून घोट गालात खेळवायचा आणि पचकन बादलीत थुंकायचा. मग म्हणायचा, "नव्वद!"

शाळा मी चौथीत सोडली, पण मार्क मलाही कळतात. माझ्या हाताची मोहाची दारू पंचक्रोशीत एक नंबर. ती घेऊन गेलो.

"हिला दे मार्क."

त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि गिळला. मग अख्खा गिलास संपवला.

"अरे, थुंक ना!" मी ओरडलो.

"काका, ही थुंकवत नाही हो."

"म्हणजे नापास?"

तो खो खो हसला. मी बाटली उचलली. गिलास पुढे करत तो बांधापर्यंत मागे आला, "काका, थोडी द्या ना!"

मी वळलो नाय. ज्याला माझी दारू थुंकायच्या लायकीची वाटत नाय, त्याला ती प्यायला कशाला देऊ?